हातमोजे रोज घालावेत का? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

नागपुरात वॉर्डात परिचारिका म्हणून मी तीस वर्षं काढली. निवृत्त झाले तरी फोन थांबले नाहीत. ऊन तापायला लागलं की गाडीवरच्या मोज्यांबद्दल विचारतात, डिसेंबरात बाळाच्या मोज्यांबद्दल, आणि भांडी घासून सोललेल्या हातांबद्दल तर बाराही महिने. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून काढले. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिस्टर, कोरोनापासून बाहेर पडताना ग्लोव्हज घालायची सवय लागली आहे. चालू ठेवू का?

नका ठेवू. धडधाकट त्वचा ही फार भक्कम भिंत आहे, हाताला लागलेले जंतू तिच्यातून सहसा आत शिरत नाहीत. ते शिरतात तोंडातून, नाकातून, डोळ्यांतून, आणि तिथपर्यंत त्यांना आपलाच हात पोहोचवतो, मोजा घातलेला असो वा नसो. सीताबर्डीला मेट्रो बदलताना तुम्ही सरकत्या जिन्याचा कठडा धरला, त्याच मोज्याने फोन काढला, तोच फोन कानाला लावला. मोज्याने यात काय अडवलं? उलट उघड्या हाताला चिकट लागलं की हात धुवावासा वाटतो, मोज्याच्या आत ते कळतच नाही. कोरोनाच्या काळातही जागतिक आरोग्य संघटनेने सामान्य लोकांना बाजारहाटासाठी ग्लोव्हज घालायला सांगितलं नव्हतं, हात धुवायला सांगितलं होतं. घरी आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट, एवढं पुरे.

मला कुणी मोज्यांबद्दल विचारलं की मी एकच उलट प्रश्न करते: हा हात नेमका कशापासून वाचवायचा आहे? ऊन, साबण, मिरची, पत्र्याची धार, रक्त, फवारणीचं औषध, असं एखादं नाव घेता आलं तर मोजा घाला आणि काम संपताच काढा. नावच सांगता येत नसेल तर त्या मोज्याला काही काम नाही.

२. मग दवाखान्यात डॉक्टर-नर्स का घालतात?

कारण तिथे नाव सांगता येतं: रक्त, पू, लघवी, उघडी जखम. पण सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. १८८९ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका शस्त्रक्रियागृहात काम करायची. तेव्हा हात पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणात बुडवायचे, त्याने तिचे हात सोलून निघाले. तिथले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. रुग्णांनाही त्यांचा फायदा होतो हे पुढे लक्षात आलं. म्हणजे शस्त्रक्रियेतला रबरी मोजा आधी एका नोकरदार बाईचे हात वाचवायला आला. ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण आजही मला येणारे निम्मे फोन तशाच हातांचे असतात.

एक मात्र लक्षात घ्या. आम्ही दर रुग्णामागे मोजे बदलतो आणि काढल्यावर हात धुतो. नव्याकोऱ्या मोज्यातही डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, आणि काढताना हात माखतोच.

३. उन्हाळ्यात मुली गाडीवर कोपरापर्यंतचे सुती मोजे घालतात. त्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं तर हँडलवरच्या हाताची पाठ भाजून निघते. गाडीवर शरीराचा सगळ्यात जास्त ऊन खाणारा भाग तोच. चेहऱ्याला दुपट्टा असतो, अंगात सनकोट असतो, हात तसेच राहतात. वर्षानुवर्षं हे झालं की हाताच्या पाठीवर काळे डाग, सुरकुत्या आणि कोरडेपणा दिसायला लागतो.

पण कापड बघून घ्या. मोजा हातात घालून उजेडाकडे धरा. विणीतून बोटं दिसत असतील तर किरणंही आत येतात. घट्ट विणीचं, जरा गडद रंगाचं कापड पातळ पांढऱ्यापेक्षा अतिनील किरणं जास्त अडवतं. गडद रंग थोडा तापतो हे खरं, म्हणून मी मधला मार्ग सांगते: घट्ट विणीचा फिका निळा किंवा करडा. सुती मोजा घामाने भिजला की त्याचं संरक्षण कमी होतं, म्हणून पर्समध्ये दुसरा जोड ठेवा आणि रोज धुवा. न धुतलेल्या मोज्यात घाम मुरून बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. अर्ध्या बोटांचे घेतले तर उघड्या बोटांना सनस्क्रीन लावा.

कारमध्ये बसणाऱ्यांनीही विचारलं आहे. साध्या काचेतून एक प्रकारची अतिनील किरणं जवळजवळ अडतात, पण काळवंडायला आणि सुरकुत्यांना कारण होणारी दुसरी बरीचशी आत येतात. रोज तासन् तास गाडी चालवणाऱ्याने उन्हाच्या बाजूच्या हाताला बाही किंवा सनस्क्रीन लावलेलं बरं.

४. त्याच सुती मोज्यांवर गाडी चालवणं सुरक्षित आहे का?

तळव्याला रबराचे ठिपके असलेले घ्या, नुसतं गुळगुळीत कापड ब्रेकवर सरकतं. आणि पडलात तर सुती मोजा काहीही वाचवत नाही. माणूस पडताना आधी हात टेकवतो, तळवा डांबरावर घासला जातो. लांब पल्ल्याचं चालवत असाल, अमरावती रोडने रोज जाऊन येऊन असाल, तर तळव्याला चामडं आणि बोटांच्या गाठींवर टणक पट्टी असलेले जाळीदार मोजे घ्या. बाजूने हवा जाते, उन्हाळ्यातही चालतात.

५. भांडी घासताना रबरी मोजे घातले तर आत हात ओले होतात आणि आणखीच खाजतात. माझं काय चुकतं?

पाच घरची भांडी घासणाऱ्या एक ताई मागे माझ्याकडे आल्या होत्या. तक्रार हाताची नव्हतीच. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, म्हणून आल्या होत्या. त्यांचा हात उजेडात धरून पाहिला. बोटांची पेरं चकचकीत झाली होती, रेषा पुसट झालेल्या, अंगठ्याच्या कडेला खोल भेग आणि त्या भेगेत तिखटाचा लाल कण अडकलेला. साबण त्वचेचं तेल ओढून घेतो, रोज ओढतो, आणि भिंतीचा गिलावा पडावा तशी त्वचा सोलत जाते. याला इसब म्हणतात. तो संसर्गाचा आजार नाही, ओल्या कामाचा आहे, आणि मोजे वेळीच घातले तर बऱ्याच अंशी टाळता येतो.

तुमची चूक बहुधा अशी की मोजे फार वेळ घालता. पंधरा-वीस मिनिटांत आत घाम साठतो आणि घामात भिजलेली त्वचा साबणातल्या त्वचेइतकीच खराब होते. आत पातळ सुती मोजा घाला, वर रबरी, एक माप मोठा. मनगटाची कड बाहेर दुमडा, म्हणजे हात वर केल्यावर पाणी कोपराकडे न जाता दुमडीत अडतं. अंगठी काढा, तिच्याखाली साबण बसतो. काम झालं की रबरी मोजा उलटा करून वाळत टाका, सुती धुवा. आठवड्यातून एकदा मोज्यात पाणी भरून दाबून बघा. भोक असेल तर फेकून द्या, कारण आत गेलेलं साबणाचं पाणी बाहेर निघत नाही आणि ते उघड्या हातापेक्षा वाईट. रात्री हाताला व्हॅसलीन लावून कोरडे सुती मोजे घालून झोपलात तर दोन-तीन आठवड्यांत भेगा मिटायला लागतात. मिटल्या नाहीत, पाणी सुटायला लागलं, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

त्या ताईंना मी हेच सांगितलं, आणि त्यांच्या पाचही घरी सांगा म्हटलं की मोजे घरमालकिणीने आणून ठेवायचे आहेत.

६. लॅटेक्स, नायट्राइल, व्हिनाइल: मेडिकलमध्ये कोणते मागू?

घरच्या कामाला नायट्राइल. ते निळे किंवा काळे असतात, तेलाने खराब होत नाहीत आणि त्यांची ॲलर्जी क्वचित होते. लॅटेक्स हाताला छान बसतं, पण खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून घातलं तर ते कमकुवत होतं. व्हिनाइल स्वस्त, पण पटकन फाटतं, पाच मिनिटांच्या कामापुरतं ठीक.

लॅटेक्स घातल्यावर हात लाल होत असेल, शिंका किंवा धाप लागत असेल तर ते पुन्हा वापरू नका, आणि ऑपरेशनच्या किंवा दात दाखवण्याच्या आधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. अशा काही लोकांना केळं, किवी, ॲव्होकाडो, पपई खाल्ल्यावरही तोंडात खाज सुटते, कारण त्यांतली काही प्रथिनं लॅटेक्सशी मिळतीजुळती असतात. आतून पावडर असलेले मोजे घेऊच नका. ती पावडर लॅटेक्सचे कण हवेत नेते, अमेरिकेत २०१७ पासून दवाखान्यात त्यांच्यावर बंदी आहे.

७. सावजीचा मसाला करताना हात रात्रभर जळतो. मोजे लागतात का?

लागतात, आणि पातळ लॅटेक्स पुरत नाही, नायट्राइल घ्या. मिरचीचा दाह ज्या द्रव्याने होतो ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून नळाखाली हात धरून काही होत नाही. आधी गोडेतेल चोळा, मग भांड्याच्या साबणाने धुवा, मग पुन्हा एकदा. भिवापुरी मिरचीचे देठ खुडायला बसणाऱ्या बायकांना हे सांगायची गरज नसते, त्या आधीच हाताला तेल लावून बसतात. मोजे काढताना बाहेरची बाजू बोटांना लागू देऊ नका (प्रश्न १५) आणि तासभर डोळ्यांना हात लावू नका.

८. गुपचुपवाला ग्लोव्हज घालतो म्हणजे स्वच्छ, असं समजायचं का?

त्याचा हात कुठे कुठे जातो ते दोन मिनिटं उभं राहून बघा. पुरी फोडली, पाण्यात बुडवली, शंभराची नोट घेतली, सुटे दिले, फडक्याला पुसला, परत पुरी फोडली, सगळं त्याच मोज्याने. असा मोजा उघड्या हातापेक्षा स्वच्छ नाही. ज्या ठेल्यावर पैसे दुसरा माणूस घेतो किंवा पैशांचा डबा गिऱ्हाइकापुढे ठेवलेला असतो, हात धुवायला स्वच्छ पाण्याची कॅन आहे, तिथे मी निर्धास्त खाते, मोजे असोत नसोत. बहुतेक ठेलेवाले भाऊ नीट सांगितलं तर ऐकतात.

९. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागू नये म्हणून रबरी मोजे चालतील ना?

नाही. हा प्रश्न आला की मी लगेच फोन करते, मेसेजवर सोडत नाही. भांड्यांचा रबरी मोजा विजेसाठी तपासलेला नसतो. त्यात छिद्र असू शकतं, आतून घामाने ओला असतो, आणि तुमचं कोपर किंवा पाय कूलरच्या पत्र्याला लागला तर मोजा काय करणार? लाइनमन घालतात ते मोजे वेगळे, त्यांना आयएस ४७७० हे भारतीय मानक आहे.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. बटण बंद करा, प्लग काढा, मग पाणी भरा. प्लग ओल्या हाताने धरू नका. प्लग तीन पिनांचा आणि घराला अर्थिंग असू द्या. मेन बोर्डाला ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी बसवून घ्या, विजेची गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. कूलर वापरणाऱ्या घराने यासाठी पैसे बाजूला ठेवावेतच.

मोजे लागतात ते कूलर काढून धुताना. होळीनंतर घरोघरी ताट्या बदलायला निघतात. जुन्या खसच्या ताटीत काड्या टोचतात, पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आतला खार खरवडताना हात सटकतो. शेजारच्या काकूंच्या तळव्याला अशीच दीड इंचाची चीर गेली होती, गंजासकट. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि चार टाके. अशा कामाला चामड्याचे किंवा रबराचा थर दिलेले सुती मोजे घाला, इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पातळ निळे ग्लोव्हज इथे एका झटक्यात फाटतात.

१०. बाळाला हातमोजे घालून ठेवावेत का? आजेसासूबाई काढू देत नाहीत.

आजींचा हेतू चांगला आहे, बाळ नखांनी गाल ओरबाडतं म्हणून त्या सांगतात. झोपलेलं असताना थोडा वेळ घालायला हरकत नाही, दिवसभर नको. बाळ हात तोंडात घालून स्वतःला शांत करतं, भूक लागल्याचंही तसंच सांगतं. मोजा असला की ती खूण आपल्याला उशिरा कळते.

सगळ्यात महत्त्वाचं: मोजा उलटा करून आतले धागे तपासा. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतं, आणि मोजा घातलेला असल्यामुळे दिसत नाही. वॉर्डात असं निळं पडलेलं बोट मी पाहिलं आहे. भिंगाखाली धागा कापला, बोट वाचलं, पण आईचा चेहरा अजून आठवतो. नखं बाळ झोपल्यावर बारीक कानशीने घासून ठेवली तर मोज्यांची गरजच उरत नाही.

बाळाचे हात गार लागतात म्हणून मोजे घालणाऱ्यांसाठी: तान्ह्या बाळाचे हातपाय गार असणं सहसा साधीच गोष्ट असते. छातीला किंवा मानेच्या मागे हात लावा. तिथे ऊब असेल तर बाळ ठीक आहे. छाती गार लागली तर पोटाशी घेऊन ऊब द्या आणि दवाखाना गाठा.

११. नागपूरच्या थंडीत मोठ्या माणसांना लोकरी मोजे लागतात का?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडीवर जाणाऱ्यांना, वृद्धांना आणि थंडीत बोटं पांढरी-निळी पडणाऱ्यांना लागतात. बाकीच्यांनी आवडत असेल तर घालावेत.

पण एक अपवाद मी ठासून सांगते: सिकलसेल. विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी लागली की रक्तवाहिन्या आकसतात, विळ्यासारख्या पेशी अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. लहान मुलांचे तर हातापायांचे पंजेच सुजतात. अशा मुलाला सकाळच्या शाळेत जाताना मोजे, कानटोपी, पायमोजे हे सगळं हवंच, वर्गात बाई काढायला सांगत असतील तर त्यांना आजाराची कल्पना द्या. घरात गार पाण्याची कामंही त्याला देऊ नका.

१२. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आहेत. प्रत्येक वेळी ग्लोव्हज घालायचे का?

डायपर, जखमेचं ड्रेसिंग, उलटी, कॅथेटरची पिशवी यांना हो, आणि दर कामाला नवे. डायपरचे मोजे घालून तोंड पुसायचं नाही. भरवायला, कूस बदलायला, पाठ चोळायला स्वच्छ धुतलेला हात द्या. महिनोन्महिने नुसता रबराचा स्पर्श मिळालेली माणसं मी पाहिली आहेत, ती बोलायची कमी होतात.

इन्सुलिन टोचायला मोजे लागत नाहीत, दोघांची त्वचा धड असली की धुतलेले हात पुरतात. आणि सुईपासून कुठलाही ग्लोव्ह वाचवत नाही, टोपण परत लावू नका, सुई टणक डब्यात टाका.

केमोथेरपी चालू असेल तर नियम कडक होतो. केमोच्या गोळ्याला दुसऱ्याने उघडा हात लावायचा नाही, ती फोडायची नाही, आणि सलाइन संपल्यापासून साधारण ४८ तास रुग्णाची लघवी, उलटी, माखलेले कपडे मोजे घालूनच हाताळायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये.

१३. गावाकडे संत्र्यावर फवारणी करतो. कापडी मोजे घातले तर चालतील?

कापडी आणि चामड्याचे दोन्ही नकोत. औषध त्यांत मुरतं आणि तासन् तास त्वचेला चिकटून राहतं. जाड नायट्राइल घ्या, आत अस्तर नसलेले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हापासून मी हा प्रश्न कधीच छोटा समजत नाही.

काटोल-नरखेडच्या बागांत आणखी एक बारकावा आहे. कपाशीवर हात खाली ठेवून फवारता, तेव्हा बाही मोज्याच्या वर असू द्या, म्हणजे औषध मोज्याच्या आत उतरत नाही. संत्र्याच्या झाडावर हात उंच करून फवारता, तेव्हा बाही मोज्याच्या आत घाला आणि मोज्याची कड बाहेर दुमडा, नाहीतर औषध ओघळून थेट काखेपर्यंत जातं. औषध कालवताना मोजे सगळ्यात जास्त गरजेचे, तेव्हा ते सर्वांत तीव्र असतं. संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा.

१४. हातमोजे घालणं उलट धोक्याचं ठरतं असं कधी होतं का?

होतं. जिथे काहीतरी गरगर फिरतं तिथे: लेथ, ड्रिल, पिठाची गिरणी, रसवंतीचे रूळ. उघडं बोट चाटून गेलं तर कातडी जाते, मोजा अडकला तर अख्खा हात आत ओढला जातो. हिंगण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांच्या आयांनो, हे त्यांना घरीही सांगा.

चुलीपाशी किंवा गॅसपाशी प्लॅस्टिकचे ग्लोव्हज नकोत, वितळून कातडीला चिकटतात. गरम भांड्याला ओला कापडी मोजाही नको, ओलं कापड उष्णता झटकन आत नेतं. सांडशी घ्या. आणि संडासाचं ॲसिड व ब्लीच एकत्र केल्यावर निघणारा वायू फुप्फुसाला लागतो, तिथे मोज्यांचा भरवसा कामाचा नाही. ती दोन्ही एकत्र करूच नका.

१५. एकदा वापरायचे ग्लोव्हज सॅनिटायझर लावून परत वापरले तर?

नको. सॅनिटायझरने ते चिकट होतात, चिरतात. काढताना एका हाताने दुसऱ्याच्या मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरा, उलटा करत काढा, मुठीत ठेवा. मग मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आतून घालून तोही उलटा ओढा. पहिला दुसऱ्याच्या पोटात जातो. मग हात धुवा.

१६. कचरागाडीवरच्या मावशींना मोजे दिले, पण त्या घालत नाहीत. असं का?

मी विचारलं होतं. उत्तर सरळ होतं: "पुरुषाच्या मापाचे आहेत, बोटं पुढे लोंबतात, पिशवीची गाठ सुटत नाही. अन् दुपारी आत भट्टी होते." गटार आणि सेप्टिक टँकच्या कामासाठी, हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत मोजे देणं मालकावर बंधनकारक आहे, पण बाईच्या मापाचा विचार फार थोडे करतात. तुम्ही देणार असाल तर माप घेऊन द्या, तळव्याला रबर आणि पाठीला हवा जाणारं कापड असलेले, दोन जोड, म्हणजे एक वाळत असताना दुसरा हातात राहतो. आणि आपल्याकडून फुटलेली काच, ब्लेड, सुई साध्या पिशवीत जाऊ देऊ नका. काच जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर "काच" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि ती पिशवी मावशींच्या हातात वेगळी द्या.